कवा गुरुजी

डाखोरे गुरुजींसमोर कुणी "आत्ता येते हं" म्हटलं की संपलंच. तुमची एक चप्पल पायात, दुसरी उंबऱ्यात, आणि गुरुजी चष्म्यावरून बघत विचारणार, "आत्ता म्हंजी कवा?"

मी या शाळेत लागले ती दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या जूनमध्ये. तेव्हा आमची हिंगोली परभणी जिल्ह्यातला एक तालुका होती, आणि सेनगावच्या रस्त्याला आत वळलं की आमचं गाव. शाळेला दोन खोल्या आणि दोन शिक्षक. एक डाखोरे गुरुजी, म्हणजे हेडमास्तर. दुसरी मी. परभणीत वाढलेली, वय बावीस, तोंड चुरूचुरू चालणारं. पहिल्याच दिवशी गुरुजींनी विचारलं, "बाई, कवा आलात?"

"मघाशीच."

"मघाशी म्हंजी कवा?"

झालं! मला वाटलं, हा उशीर झाल्याचा टोमणा. बसले तोंड फुगवून. दुपारी पाणी भरायला आलेली बाई हसून म्हणाली, "मनावर घिऊ नका. ते सगळ्यायलाच इचारतेत. गावात त्यायला कवा गुरुजीच म्हणतेत." आणि हे नाव गुरुजींना ठाऊक होतं बरं का. बाहेर पोरं "कवा गुरुजी आले, कवा गुरुजी आले" म्हणत पळत सुटली की ते स्वतःच खिडकीतून ओरडायचे, "कवा आले?"

त्यांच्या बायकोला सारं गाव काकू म्हणायचं. काकूंनी या माणसाबरोबर संसार कसा केला हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. शाळेला लागूनच घर, त्यामुळं तिथलं सगळं मला ऐकू यायचं.

"अवो, कवाची हाका मारून राहिले, भाकर थंडी झाली!"

"कवाची म्हंजी कवापासून?"

"लगीन झाल्यापासून!"

यावर गुरुजी खूश. "हे बराबर बोललीस. हिच्यात खूण हाय." आणि उठून जेवायला जायचे.

ही 'खूण' म्हणजे गुरुजींचं सगळं शास्त्र. वेळेचं कुठलंही बोलणं घ्या, त्यात तीन गोष्टी पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. एक खूण, म्हणजे सगळ्यांना ठाऊक असलेला दिवस. दुसरी बाजू, म्हणजे त्या दिवसाच्या अलीकडं की पलीकडं. तिसरं अंतर, म्हणजे किती अलीकडं, किती पलीकडं. "पोळ्याच्या मागं दोन बाजार" म्हटलं की खूण पोळा, बाजू मागची, म्हणजे नंतरची, अंतर दोन आठवडे. जुनं पंचांग काढायचं, तारीख हजर. यासाठी त्यांनी पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या केल्या होत्या. एकीवर सण आणि जत्रा, दुसरीवर 'आधी, मागं, नंतर, पुढं' आणि तिसरीवर 'दिवस, बाजार, पंधरवडा, महिना'. कुणी बोलायला लागलं की गुरुजी पट्ट्या सरकवत बसायचे. तिन्ही जुळल्या की मान हलायची. समोरचा माणूस आणखी काय सांगतोय, रडतोय की हसतोय, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. बोट वर करून म्हणायचे, "थांबा. बाकीचं ऱ्हाऊ द्या. अंतर सांगा."

जे या पट्ट्यांत बसत नाही त्याचा त्यांना मनापासून राग. 'लवकरच', 'एवढ्यात', 'मागं एकदा' हे शब्द त्यांच्या दृष्टीनं भुरटे चोर होते. सगळ्यात जास्त राग 'काल-परवा'चा. आमच्या गावात चार लेकरांची आईसुद्धा "माजं लगीन काल-परवाच तर झालं" म्हणते! माझ्या आईचं पत्र आलं, 'आठ-पंधरा दिवसांत येते'. मी कौतुकानं वाचून दाखवलं तर गुरुजी गंभीर झाले. "आठ का पंधरा? अर्ध्याचा फरक हाय, बाई. त्यायला लिहा, पक्कं कळवा म्हणाव."

वर्तमानपत्राची तर कथाच निराळी. ते आमच्याकडं एसटीनं यायचं, एक दिवस शिळं. त्यात छापलेलं असायचं, 'काल सभा झाली'. आता छापलं तेव्हा काल, पण आपण वाचतो तेव्हा ते परवा झालं ना? लोक फसतील की! म्हणून गुरुजी आधी अख्खा पेपर लाल पेन्सिल घेऊन तपासायचे. मजकूर वाचायचे नाहीत, नुसते वेळेचे शब्द हुडकायचे. 'काल' दिसला की खोडून 'परवा'. 'आज' दिसला की 'काल'. मग पेपर पारावर जायचा. एकदा गुळाच्या ढेपेला गुंडाळून आलेला कागदही त्यांनी दुरुस्त करायला घेतला. तो किती जुना हे कळेना, म्हणून दुकानदाराला घरी बोलावून घेतलं. दुकानदार त्यानंतर आमच्या घरांना गूळ हातावर द्यायला लागला.

पण खरी धमाल जूनमध्ये. पोरांची नावं टाकायचा महिना. त्या काळी आमच्या भागात बाप पोराला दंडाला धरून आणायचा आणि सांगायचा, "टाका एक जून." सगळ्या मुलखाची जन्मतारीख एक जूनच. कुठल्याही गुरुजींना विचारा, पोराकडं एकदा वरून खाली बघायचं, वर्ष ठरवायचं आणि एक जून टाकून मोकळं व्हायचं. कुणाची तक्रार नाही, कुणाला तकलीफ नाही. आमचे गुरुजी मात्र पेन खाली ठेवायचे.

"एक जूनला आख्ख्या तालुक्यात एवढ्या सुइनी होत्या का? लेकरू कवा झालं ते सांगा."

बाप डोकं खाजवायचा. "हायब्रीड आलं त्या साली."

"हायब्रीड कवा पेरलं?"

"झालं असंल की काल-परवा."

गुरुजी कपाळावर हात मारायचे. बापाला काय ठाऊक असणार? तो तेव्हा रानात होता, नाहीतर खडी फोडायच्या कामावर. ठाऊक असतं आईला. पण आई गुरुजींना सांगणार कशी? बाळंतपणाचं बोलणं बाप्या माणसासमोर करत नाहीत, आमच्याकडं तर नाहीच नाही. गुरुजी दारात उभे राहिले की बाई पदर ओढून भिंतीकडं तोंड करायची. इतकी वर्षं त्यांची गाडी इथंच अडली होती. आणि मग आले मी! माझी नेमणूक मुलांना शिकवायला झाली असेल असं मला वाटत होतं. गुरुजींच्या मते ती याच कामासाठी झाली होती.

तेव्हापासून आमची वरात घरोघर. मी आत चुलीपाशी, गुरुजी बाहेर ओट्यावर पाठमोरे, हातात पट्ट्या. आतून बाई सांगायची, मी मोठ्यानं परत म्हणायची, बाहेर पट्ट्या सरकायच्या. कधी अचानक बाहेरून आवाज, "दसऱ्याच्या आधी का मागं, ते इचारा!" की आत बाई दचकायची.

तांड्यावर आमची फजिती झाली. एक आई म्हणाली, हे लेकरू थावराच्या मागून दोन वर्षांनी झालं. तांड्याच्या बोलीत थावर म्हणजे शनिवार, हे गुरुजींना बरोबर ठाऊक. त्यांनी लगेच शनिवार धरला आणि पंचांग उघडून बसले, पण काही केल्या हिशेब जमेना. तेवढ्यात एक दांडगं पोरगं शेळ्या घेऊन आलं, आणि आई म्हणाली, "ह्यो काय थावरा आला. ह्याच्या मागून." सगळा तांडा हसला. गुरुजीही हसले, पण परतताना वाटभर पुटपुटत होते, "माणसाला वाराचं नाव काहून द्यावं?"

मी त्यांची नक्कल करायची. काकूंसमोर तर हमखास. काकू हसून हसून डोळे पुसायच्या. एकदा मी म्हणाले, "काकू, हे सगळ्या गावाच्या जन्माचा हिशेब लावतात, यांचा स्वतःचा लागलाय का?"

काकूंचं हसू थांबलं. त्या म्हणाल्या, "त्यायचाच तर लागत न्हाई."

आणि मग त्यांनी मला ते सांगितलं. गुरुजी मूळचे आखाडा बाळापूरचे. आई त्यांना ठेवून गेली. कधी गेली, कशानं गेली, काही ठाऊक नाही. बापानं दुसरं घर केलं, लेकरू चुलतीच्या पदरात पडलं. चुलती खायला घालायची, पण प्रत्येक घासाला म्हणायची, "आल्या आल्या मायला खाल्लंस." पोराला ताप आला तरी तेच, पोरगं पहिलं आलं तरी तेच. पाच-सहा वर्षांचं झाल्यावर त्या लेकरानं एकदा विचारलं, "आल्या आल्या म्हंजी कवा?" चुलतीनं थोबाडीत मारली.

"तवापासून इचारतच हायेत," काकू म्हणाल्या. "लोकायला वाटतं, रिटायर व्हायला आले, चार साल वाढवून घ्यायचे असतील, म्हणून तारीख पायजे. तसलं काही न्हाई, बाई. त्यायला एकच पायजे. माय त्याच दिवशी गेली का मागून गेली. आपल्यापायी गेली का कशापायी. ह्या वयातबी रातच्याला उठून बसतेत."

मी खाली मान घालून बसले. त्या दिवसापासून नक्कल बंद केली असं मी म्हणणार नाही. केली. पण मोठ्यानं केली नाही.

पुढच्या जूनमध्ये एक बाई पोरीचं नाव टाकायला आली. माहेर बाळापूरचं. बोलता बोलता मला म्हणाली, "माजी आजी सुईनच होती. पुसदला लेकीकडं ऱ्हायाला गेल्ती, आता माज्या भावानं माघारी आनली. म्हातारी हाय, पर बाळापुरातलं एकेक बाळंतपन सांगती." बाहेर ओट्यावर पट्ट्यांचा आवाज थांबला. मी डोकावून बघितलं. गुरुजी नुसते समोर बघत होते. आपल्या जन्माच्या वेळची सुईण केव्हाच वारली असं धरून ते इतकी वर्षं चालले होते.

तो सबंध आठवडा गुरुजींनी कुणाला "कवा?" विचारलं नाही. पेपर तसाच पारावर गेला. लोकांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. दुकानदार मला म्हणाला, "गुरुजीची तब्येत बरी हाय ना?" शनिवारी शाळा सुटल्यावर गुरुजी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि टोपी काढून हातात धरली.

"बाई, उद्या बाळापूरला याल का माज्यासंगं? बोलायला बाई मानूस पायजे."

मी म्हणाले, "येते की. त्यात काय?"

हिंगोलीला गाडी बदलून आम्ही बाळापूरला गेलो. उतरल्यावर गुरुजी म्हणाले, "तिला आठवत नसंल तर जोर करू नका. म्हातारं मानूस हाय." थोडं चालून पुन्हा थांबले. "अन् तिनं 'आल्या आल्या' असंच सांगितलं, तर मला तसंच सांगा. गोड करून सांगू नका." हसणं सोपं असतं हो. सोबत जाणं अवघड.

म्हातारीचं नाव ठकूआई. बाजेवर बसलेली, दात नाहीत, कानानं कमी, पण डोळे लख्ख. गुरुजींना बघून म्हणाली, "त्या बाप्याला भायेर बसीव. मंग काय इचारायचं ते इचार." गुरुजी मुकाट्यानं बाहेर ओट्यावर गेले आणि भिंतीला पाठ लावून बसले. दारातून मला त्यांचा खांदा तेवढा दिसत होता.

मी म्हातारीच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "आजी, डाखोऱ्याच्या घरी सखूबाई होती. पहिलटकरीण. लेकरू ठेवून गेली. आठवते का?"

"सखू?" म्हातारी सावरून बसली. "आठवती म्हंजी! मी तवा सासूच्या हाताखाली नवीच शिकून राहिले होते. लई भेव वाटायचं मला. तिचंच पयलं, मी माज्या हातानं केलेलं. सासू म्हनली, तूच घे. पोळ्याचा दिस. बैलं सजून दारी आले अन् आत हिच्या कळा. छप्पर गळत होतं. खाली परात मांडली तर शेळी येऊन परातीतलं पानी पेली…"

आता शेळी आली म्हणजे काय सांगावं! मी बाहेर बघितलं. एरवी या ठिकाणी बोट वर झालं असतं, 'थांबा, बाकीचं ऱ्हाऊ द्या.' गुरुजींचा हात गुडघ्यावर होता. हलला नाही. म्हातारीनं शेळी सांगितली, शेळीच्या मालकिणीचं भांडण सांगितलं, आपल्या सासूचा स्वभाव सांगितला. मग म्हणाली, "पोरगं झालं. धट्टंकट्टं. नुसतं रडायचं."

विचारायलाच पाहिजे होतं. "आजी, अन् सखू? सखू त्याच दिवशी गेली का?"

"आँ?"

"लोक म्हणतात, लेकरू आलं अन् आल्या आल्या माय गेली."

म्हातारीचा आवाज एकदम चढला. "कोन म्हनती? कोन रांड म्हनती? आगं, चांगली उठून हिंडत होती ती! लेकराला रोज मी न्हाऊ घालायची. दिवाळीला गेले तर मला हातच लावू देईना. म्हनली, ठके, आज मी घालते. मांडीवर आडवा घेतला अन् तिनंच उटनं लावलं, तिनंच न्हाऊ घातलं. कानामागं काळं लावलं. मला म्हनली, बघ गं, माजं पोरगं कुनाजवळ ऱ्हात न्हाई, रडून गाव गोळा करतं, पर माज्याजवळ आलं की गप बसतं." म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. "मंग थंडीत गावात तापाची साथ आली. धा-बारा मानसं गेली. त्यात तीबी गेली. जाताना मला म्हनली, त्याला माज्याजवळ आनू नगंस, त्याला ताप लागंल. असं बोलून गेली ती. लेकरानं खाल्लं म्हनतेत? त्या लेकराला तिनं जपलं, बाई."

माझ्या डोळ्यांना धार लागली. मला लपवता आलं नाही आणि मी लपवलंही नाही. म्हातारी बहिरी, त्यामुळं एवढ्या मोठ्यानं बोलली होती की आळीत ऐकू गेलं असेल. तरी मी उठून बाहेर गेले. गुरुजी तसेच बसले होते, डोळे मिटलेले, टोपी मांडीवर.

"गुरुजी, ऐकलंत ना?"

त्यांनी मान हलवली. मग डोळे न उघडताच म्हणाले, "बाई, एक काम करा. तिला पुन्हा सांगाय लावा."

"कुठून? दिवाळीपासून?"

"न्हाई. पयल्यापासून. शेळीपासून."

मी आत गेले आणि म्हातारीला म्हणाले, आजी, मला नीट कळलं नाही, परत सांगा. म्हातारी आनंदानं पहिल्यापासून सुरू झाली. या वेळी शेळी आणखी वाढली, छप्पर आणखी गळलं, आणि मधे एक नवीनच जाऊ आली. मी आता मधे बोलत नव्हते. हिंगोलीची गाडी निघून गेल्याचा हॉर्न ऐकू आला, तरी आम्ही दोघं जागचे हललो नाही.

निघताना म्हातारीनं विचारलं, "त्यो बाप्या कोन गं?" मी सांगितलं. म्हातारी धडपडत दारापर्यंत आली आणि रिटायर व्हायला आलेल्या त्या माणसाच्या गालांवरून दोन्ही हात फिरवून तिनं बोटं मोडली. गुरुजी वाकून तिच्या पाया पडले.

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. काकू दारातच उभ्या. आमच्या पायातल्या चपला निघायच्या आत त्यांनी विचारलं, "लागली का तारीख?"

गुरुजी ओट्यावर टेकले. "तारीख?" ते म्हणाले. "साल इचारायचंच ऱ्हायलं."

काकू माझ्याकडं बघायला लागल्या. गुरुजींनी त्यांच्याकडं वर बघितलं. त्यांचा आवाज इतका हळू झाला होता की मीही वाकून ऐकलं.

"मी रडायचो म्हणं लई. पर तिच्याजवळ गप बसायचो."


काकू गुरुजींच्या शेजारी ओट्यावर खाली बसल्या आणि त्यांचा हात आपल्या हातात घेतला.